एमडींच्या गोल्फच्या बिलावर सही करायची का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत तुम्ही नुकतेच अकाउंट्स मॅनेजर म्हणून रुजू झालात. एमडींच्या गोल्फ क्लबचं मासिक बिल, त्यांचा सपत्नीक जर्मनी दौरा आणि चार डीलरांना घेऊन केलेली बँकॉकची गोल्फ ट्रिप, हे सगळं 'बिझनेस प्रमोशन' या एकाच खात्यात पडतंय. तुमच्या आधीचे अकाउंटंट जाताना सांगून गेले, "साहेबांच्या बिलावर प्रश्न विचारायचा नसतो." पुढच्या महिन्यात ऑडिटर येणार आहेत. तुम्ही विचारलंय, ही फसवणूक आहे का, मी सही करू का, आणि उद्या काही निघालं तर मी अडकेन का?

मी सीए आहे. पुणे आणि आसपासच्या लहान-मध्यम कंपन्यांचं अंतर्गत ऑडिट हे माझं रोजचं काम, आणि साहेबांची बिलं हा त्यातला न चुकणारा विषय. म्हणून जरा लांबण लावतो. कलमांचे क्रमांक मी १९६१च्या आयकर कायद्यातले देतोय, कारण सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू होतो आणि त्यात क्रमांक बदलले आहेत, तेव्हा ज्या वर्षाचे हिशेब असतील त्याप्रमाणे पडताळून घ्या.

आधी एक सांगतो. गोल्फ ही चैन की धंद्याची गरज, या वादात अजिबात पडू नका. तो वाद तुम्ही हराल, आणि हरलात तर पुढच्या खऱ्या प्रश्नांनाही कुणी दाद देणार नाही. एमडी म्हणतील, "मोठ्या कस्टमरचा परचेस हेड मला ऑफिसात दहा मिनिटं देतो, कोर्सवर चार तास देतो." हे खोटं असेलच असं नाही. अठरा होल्स खेळायला चार तास सहज जातात, फोन बाजूला राहतो आणि माणूस बोलतो. मी हे होताना पाहिलं आहे. तसंच, वर्षभर क्लबची बिलं भरून एकही नवा कस्टमर न आलेल्या कंपन्याही पाहिल्या आहेत. पण खेळल्याने ऑर्डर मिळते की नाही हे ठरवणं अकाउंट्सचं काम नाही. तुमचं काम तीन गोष्टी बघण्याचं: हा खर्च कुणाचा, तो मंजूर करायचा अधिकार कुणाला होता, आणि वहीत तो कोणत्या नावाने लिहिला गेला. तुमच्या वर्णनावरून मला तरी घोळ मुख्यतः तिसऱ्या ठिकाणी दिसतो. एमडींना सुविधा मिळणं हा गुन्हा नाही. ती सुविधा 'बिझनेस प्रमोशन' म्हणून लिहिली की मग अडचणी सुरू होतात.

काही गोष्टी तुमच्या कंपनीच्या रचनेवर अवलंबून आहेत, आणि त्या तुम्ही प्रश्नात लिहिलेल्या नाहीत. सगळे शेअर्स एमडी आणि त्यांच्या पत्नीकडेच आहेत का? की चुलतभाऊ, जुना भागीदार, एखादा गुंतवणूकदार फंड असे आणखी कुणी आहेत? पहिल्या प्रकारात प्रश्न जवळजवळ पूर्णपणे कराचा आहे, कारण पैसा शेवटी त्यांचाच. दुसऱ्या प्रकारात तो दुसऱ्याच्या पैशाचा होतो. आपल्याकडच्या घरच्या कंपन्यांमध्ये भावकीचं बिनसलं की कंपनी कायद्याच्या कलम २४१ खाली एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या राष्ट्रीय न्यायाधिकरणात, अर्ज जातो. दहा टक्के शेअर्स असलेला कुणीही तो करू शकतो. अर्जासोबत जी कागदपत्रं लागतात त्यांत हॉटेलची आणि क्लबची बिलं हमखास असतात. भाऊ भाऊ कधीतरी एकत्रही येतील, पण तोवर त्या व्हाउचरवर कुणाची सही होती हे सगळ्यांनी वाचलेलं असतं.

तसंच, कंपनी खरोखर 'प्रायव्हेट' आहे का तेही बघा. पब्लिक कंपनीची उपकंपनी असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती पब्लिकच मानली जाते. मग कंपनी कायद्याच्या कलम १९७ची मर्यादा लागते: एका एमडीला निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, एकाहून जास्त पूर्णवेळ संचालक असतील तर सगळ्यांना मिळून १० टक्के, आणि सर्व संचालक धरून ११ टक्के. त्यावर जायचं तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. या हिशेबात पगारासोबत पर्क्विझिटही, म्हणजे पगाराशिवाय मिळणाऱ्या सुविधाही, मोजले जातात. मंजुरीशिवाय जास्त घेतलं तर ते परत करावं लागतं. निखळ प्रायव्हेट कंपनीला ही मर्यादा नाही, आणि म्हणूनच तुमच्या एमडींना काही लपवायची गरजही नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याशी बोलताना उपयोगी पडेल.

आता क्लब. बिल हातात घ्या आणि ओळीओळीने वाचा. बहुतेक ठिकाणी ते कुणी वाचतच नाही, खालची एकूण रक्कम बघून एन्ट्री होते. वाचलंत तर त्यात वर्गणी, ग्रीन फी, कॅडी, बग्गी, पाहुण्यांची फी, बार, रेस्टॉरंट दिसेल, आणि त्याच्याच खाली मुलांचं टेनिस कोचिंग, स्विमिंग, एखाद्या शनिवारी घरच्या वाढदिवसाला घेतलेला हॉल. वरच्या आणि खालच्या ओळी एकाच बिलात असल्या तरी त्यांची जात वेगळी आहे.

पहिला प्रश्न, सभासदत्व कुणाच्या नावावर? कॉर्पोरेट सभासदत्व असेल तर सभासद कंपनी असते आणि एमडी हे फक्त तिने नेमलेले प्रतिनिधी असतात. उद्या ते निवृत्त झाले तर कंपनी दुसरं नाव देऊ शकते. वैयक्तिक सभासदत्व असेल तर ते त्यांच्याबरोबर घरी जातं, मग प्रवेश शुल्क कंपनीने भरलेलं का असेना. आयकर नियमावलीतला नियम ३ हाच फरक धरतो. क्लबची फी आणि इतर खर्च मालकाने, म्हणजे इथे कंपनीने, भरला तर तो कर्मचाऱ्याच्या हाती करपात्र पर्क्विझिट होतो. मात्र कॉर्पोरेट सभासदत्वासाठी एकदाच भरलेलं प्रवेश शुल्क त्यात धरायचं नसतं. आणि खर्च निव्वळ कामासाठीच झाला असेल तर तोही धरायचा नसतो, पण त्यासाठी दोन अटी आहेत. खर्चाची तारीख, स्वरूप आणि त्यामागची व्यावसायिक गरज यांची पूर्ण नोंद कंपनीने ठेवली पाहिजे, आणि हा खर्च पूर्णपणे कार्यालयीन कामासाठीच झाला असं प्रमाणपत्र कंपनीने दिलं पाहिजे.

या नोंदीबद्दल माझा आग्रह आहे. तुमच्याकडे ती बहुधा नसेल. नसेल तर पूर्ण क्लब बिल करपात्र धरावं लागतं, त्यातला निम्मा खर्च खरोखर कस्टमरवर झालेला असला तरी! म्हणजे नोंद न ठेवल्याचा सर्वांत मोठा तोटा खुद्द एमडींनाच होतो. एक साधं रजिस्टर पुरतं: तारीख, बरोबर कोण होतं, त्यांची कंपनी, कशासंबंधी बोलणं झालं, बिलातली कोणती रक्कम. हे साहेबांच्या सेक्रेटरीकडे ठेवा आणि महिन्याच्या महिन्याला भरून घ्या. वर्षअखेरीला आठवून आठवून भरलेलं रजिस्टर कोणताही कर अधिकारी शाईवरूनच ओळखतो.

कंपनीला या खर्चाची वजावट मिळते का? इथे बातमी बरी आहे. क्लबची फी हा धंद्याचा खर्च आहे असं मुंबई उच्च न्यायालयाने ओटिस एलेव्हेटरच्या प्रकरणात फार पूर्वी म्हटलं, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड ग्लासच्या प्रकरणात कर्मचाऱ्यांच्या क्लब सभासदत्वाची फी कलम ३७ खाली मान्य केली. प्रवेश शुल्क भांडवली (त्या वर्षी वजा न होणारं) की महसुली यावर उच्च न्यायालयांत मतभेद झाले, कारण केरळ उच्च न्यायालयाने आजीव सभासदत्वाचं शुल्क भांडवली ठरवलं होतं. वार्षिक वर्गणीबद्दल मात्र फारसा वाद राहिलेला नाही. याशिवाय गुजरात उच्च न्यायालयाचा २००२चा सयाजी आयर्नचा निकाल आहे. त्यात म्हटलंय की कंपनी ही कृत्रिम व्यक्ती, तिला 'वैयक्तिक वापर' असा असूच शकत नाही.

हा शेवटचा निकाल एमडींच्या सल्लागारांचा फार लाडका. "बघा, कंपनीला वैयक्तिक खर्च नसतोच, मग अडचण काय?" पण त्या निकालाची पुढची बाजू ते वाचून दाखवत नाहीत. संचालकाला मिळालेली सुविधा ही त्याच्या मोबदल्याचा भाग आहे, हा त्याचा पाया आहे. मोबदला म्हटलं की ती त्यांच्या हाती करपात्र झाली, त्यावर कलम १९२ खाली टीडीएस (पगारातून कापायचा कर) आला, फॉर्म १६ सोबतच्या १२बीए या सुविधांच्या विवरणपत्रात ती दिसायला हवी. कंपनीने वजावट घ्यायची आणि माणसाने कर भरायचा नाही, असं दोन्ही एकदम मिळत नाही.

तुम्ही ज्या पद्धतीने हिशेब लिहिताय, तो तसाही झाकून राहणार नाही. टॅक्स ऑडिटच्या फॉर्म ३सीडीमध्ये कलम २१(अ) आहे. तिथे वैयक्तिक खर्च, क्लबची प्रवेश फी व वर्गणी, आणि क्लबच्या सेवासुविधांचा खर्च, असे वेगवेगळे आकडे मागितलेले असतात. सगळं 'बिझनेस प्रमोशन'मध्ये टाकलं की हे आकडे कोरे जातात आणि तो अहवाल चुकीचा ठरतो. जीएसटीचंही तसंच. क्लब सभासदत्वावरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)ने बंद केलेलं आहे. 'बिझनेस प्रमोशन' नाव बघून तुमच्या विभागातल्या पोरांनी ते घेतलं असण्याची शक्यता दाट. आजच तपासा, कारण उलटवायचं क्रेडिट जितकं जुनं तितकं व्याज जास्त.

(नाशिकच्या वाचकांसाठी खुलासा: तुमच्याकडचा 'गोल्फ क्लब' म्हणजे अनंत कान्हेरे मैदान, तिथे लोक पहाटे चालायला जातात. ते बिल कुणी कंपनीकडे लावत नाही.)

आकडा मांडून बघा म्हणजे भीती कमी होते. समजा वर्षाच्या क्लब बिलांतला घरगुती भाग २,४०,००० रुपये निघाला. ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर धरला तर ७४,८८० रुपये. एमडींच्या उत्पन्नानुसार अधिभार लागला तर थोडे वाढतील. टीडीएस कापलाच नाही तर कलम २०१ खाली कंपनी 'कसूरदार' ठरते, कराबरोबर दरमहा १ टक्का व्याज चढतं, आणि पुढची चौकशी फक्त क्लबपुरती थांबत नाही. पाऊण लाखासाठी ऑफिसरला सगळी व्हाउचर फाइल उघडायचं कारण का द्यायचं, हा प्रश्न कोणत्याही हुशार उद्योजकाला कळतो.

जर्मनी दौऱ्याकडे येऊ. वाहनांच्या सुट्या भागांच्या धंद्यात असाल तर फ्रँकफर्टला दर दोन वर्षांनी भरणारं ऑटोमेकॅनिका प्रदर्शन बघायला जाणं यात काहीच वावगं नाही. समजा प्रदर्शन आणि कस्टमर भेटी मिळून पाच-सहा दिवस गेले आणि पुढचे चार दिवस दोघं स्वित्झर्लंडला फिरून आले. नियम ३ इथे बऱ्यापैकी समंजस आहे. कामाचा दौरा पुढे सुट्टीसाठी वाढवला तर वाढीव मुदतीपुरताच खर्च पर्क्विझिट होतो, आणि बरोबर नेलेल्या कुटुंबीयांवर झालेला खर्चही. म्हणजे एमडींचं स्वतःचं विमानाचं तिकीट कामाचंच राहतं, कारण त्यांना यायचं-जायचं होतंच. परतीचं तिकीट फ्रँकफर्टऐवजी झुरिकहून काढल्यामुळे महाग पडलं असेल तर फरक बाजूला काढा. पत्नीचं तिकीट, व्हिसा, विमा पूर्ण पर्क्विझिट. स्वित्झर्लंडचं हॉटेल, रेल्वे पास, फिरणं पूर्ण पर्क्विझिट. फ्रँकफर्टच्या हॉटेलात एकट्याची आणि दोघांची खोली एकाच दराची असेल तर मी तिथे काही धरत नाही. न्याहारी किंवा जादा माणसाचा वेगळा आकार असेल तेवढाच धरतो. हा माझा निवाडा आहे. तुमचे ऑडिटर जास्त कडक असू शकतात.

पत्नी संचालक आहेत म्हणून त्यांचा प्रवास आपोआप कामाचा, हा युक्तिवाद येईलच. घरच्या कंपन्यांत दुसऱ्या संचालक बहुधा वहिनीच असतात. त्या खरोखर एक्स्पोर्ट बघत असतील, भेटींच्या मेलमध्ये त्यांचं नाव असेल, तर त्यांचाही प्रवास कामाचा. नुसत्या नावापुरत्या असतील तर नाही. यात अपमान काही नाही, पुरावा काय आहे एवढंच बघायचं.

बिझनेस क्लासवर मात्र नाक मुरडू नका. रात्रभर प्रवास करून सकाळी मीटिंगला उभं राहायचं असेल तर ती चैन नव्हे. कंपनीच्या प्रवास धोरणात लिहिलेलं असावं, एवढंच. धोरण नसेल तर एका पानाचं करा: कोणत्या पदाला, किती तासांच्या पुढे, कोणता वर्ग. तिकिटावर कंपनीचा जीएसटी क्रमांक घातलेला असेल तर कामाच्या प्रवासाचं क्रेडिट मिळतं. २२ सप्टेंबर २०२५पासून इकॉनॉमी सोडून वरच्या वर्गांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे ही रक्कम लहान नाही. हॉटेलांची गंमत वेगळी. बंगळुरूच्या हॉटेलवर कर्नाटकचा जीएसटी लागतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट मिळत नाही. मग बिलावर पुण्याचा क्रमांक असो वा नसो. कित्येक अकाउंट्स विभाग ते बिनदिक्कत घेऊन मोकळे होतात.

आतापर्यंतचं इतकंच की क्लब आणि जर्मनी हे दोन्ही नीट लिहिले तर सुटणारे विषय आहेत. बँकॉकचा विषय जास्त नाजूक आहे, कारण तिथे फायदा बाहेरच्या माणसांना झाला.

डीलरांना कंपनीच्या खर्चाने गोल्फ खेळायला नेणं म्हणजे कलम १९४आर. १ जुलै २०२२पासून धंद्याच्या ओघात कुणाला वर्षाला २०,००० रुपयांवर लाभ दिला, मग तो वस्तूच्या किंवा सहलीच्या रूपात का असेना, तर १० टक्के टीडीएस. सहल रोखीत मिळत नाही, मग कापायचं कशातून? कायदा म्हणतो, लाभ देण्याआधी कर भरला गेला आहे याची खात्री करा. व्यवहारात एकतर डीलरने स्वतः आगाऊ कर भरून चलन द्यायचं, नाहीतर कंपनीने तो बोजा उचलून रक्कम वाढवून भरायची. सहल होऊन गेली असेल तर आता व्याजासह भरून टाका. डीलरांना आधी फोन करून सांगा, कारण त्यांच्या २६एएसमध्ये (नावावर जमा झालेल्या कराच्या वार्षिक विवरणात) अचानक नोंद उमटली की पहिली शिवी तुम्हाला पडणार.

"पण ती डीलर कॉन्फरन्स होती," असं सांगितलं जाईल. असू शकते. सीबीडीटीच्या (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या) २०२२च्या परिपत्रकांत याची सूट आहे: नव्या मालाची माहिती, विक्रीचं प्रशिक्षण, डीलरांच्या अडचणी यांसाठी परिषद असेल तर तिचा खर्च लाभ धरला जात नाही. पण टार्गेट गाठलेल्या निवडक डीलरांनाच बक्षीस म्हणून नेलं असेल तर ती सूट नाही. परिषदेतला मौजमजेचा भाग, बरोबरच्या कुटुंबीयांचा खर्च, आणि आधीनंतरचा जादा मुक्कामही सुटत नाही. आदला आणि नंतरचा एक दिवस तेवढा चालतो. चार डीलर, तीन दिवस, रोज सकाळी टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) बुक केलेला, आणि अजेंडा म्हणून एकही कागद नाही, असं असेल तर त्याला परिषद म्हणायला माझी तरी जीभ रेटणार नाही.

इथेच आणखी एक धोक्याची जागा. पाहुण्यांमध्ये सरकारी खात्यातला किंवा सार्वजनिक उपक्रमातला अधिकारी असेल तर हा कराचा प्रश्न उरतच नाही. २०१८च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ९मध्ये लाच देणारी व्यापारी संस्थाही आरोपी होते, आणि 'नुसता गेम खेळलो' हा बचाव तिथे फार दूर जात नाही. तसं नाव बिलात दिसलं तर व्हाउचर बाजूला ठेवा आणि थेट कंपनीच्या वकिलाकडे जा. बहुराष्ट्रीय कस्टमरचा परचेस मॅनेजर असेल तर त्याच्या कंपनीचं भेटवस्तू धोरण बघा. चाकणमध्ये अशा कंपन्या पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना एका जेवणापलीकडचा पाहुणचार आधी कळवावा लागतो. त्याची नोकरी गेली तर तुमची ऑर्डरही गेली.

फसवणूक आहे का, हे तुम्ही विचारलंत. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून मी तो शब्द वापरणार नाही. चुकीच्या खात्यात लिहिलेला खरा खर्च आणि खोटा खर्च यांत मोठं अंतर आहे. माझ्या दृष्टीने रेषा कुठे ओलांडली जाते ते सांगतो. ट्रॅव्हल एजंट घरच्या सहलीचं बिल सांगून 'कॉन्फरन्स चार्जेस' म्हणून बनवून देतो. हे सर्रास चालतं, आणि एजंटकडून मूळ आयटिनररी मागितली की दोन मिनिटांत उघडं पडतं. पाहुण्यांच्या यादीत असा डीलर असतो जो त्या दिवशी पुण्यातच होता. एकच रक्कम दहा हजारांच्या आतल्या रोख व्हाउचरांत तुकडे करून दाखवली जाते, कारण त्यावरच्या रोख खर्चाची वजावट कलम ४०अ(३) खाली जाते. यांपैकी काही दिसलं आणि तुम्ही जाणून सही केलीत, तर मात्र 'मी नोकर माणूस' हे कारण टिकत नाही. कंपनी कायद्याच्या फसवणुकीच्या कलम ४४७मध्ये पद बघितलं जात नाही. शिवाय कलम १२८ खाली हिशेबाच्या वह्यांची जबाबदारी बोर्डाने तुमच्या नावाने सोपवली आहे का, ते ठराव काढून बघा. बऱ्याच जणांना आपलं नाव तिथे आहे हेच माहीत नसतं.

सही करू का? दोन वेगळ्या सह्या आहेत, त्यांची गल्लत करू नका. बिल आलं, आकडे तपासले, कर बरोबर धरला, अमुक खात्यात नोंदवलं, ही सही तुमची. हा खर्च कंपनीने करणं योग्य आहे, ही मंजुरीची सही हाताखालच्या माणसाने वरच्या माणसासाठी करायचीच नसते. जगातली कुठलीही पद्धत घ्या, साहेबाचं बिल त्याच्या नोकराने मंजूर करणं ही फक्त कागद भरण्याची कवायत आहे. व्हाउचरवर 'तपासले' आणि 'मंजूर' असे दोन रकाने वेगळे छापून घ्या आणि दुसरा रकाना दुसऱ्या संचालकासाठी ठेवा. दुसरा संचालक घरातलाच असेल तर एप्रिलमध्ये बोर्डाच्या ठरावाने वर्षाची मर्यादा बांधून घ्या: क्लब इतका, प्रवास या धोरणाप्रमाणे, कुटुंबीयांचा खर्च मोबदल्याचा भाग म्हणून इतक्यापर्यंत. मग दर महिन्याला तुम्हाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, ठरावाकडे बघायचं.

एमडींशी कसं बोलायचं, ही तुमची खरी भीती आहे असं वाटतं. चारचौघांत नको, आणि मेलने सुरुवातही नको, मेलमुळे माणूस बचावात जातो. एकट्याने भेटा आणि साधारण असं बोला: "साहेब, ऑडिटर येण्याआधी तुमच्या खर्चाचं खातं नीट लावून ठेवावं म्हणतो. कंपनी प्रायव्हेट आहे, या सुविधांवर मर्यादा नाही, तुम्ही घ्याव्यात. फक्त त्या आत्ता जाहिरातीच्या खर्चात दिसतायत, त्या तुमच्या मोबदल्यात दाखवू. त्यावर कर इतका येतो. कस्टमरबरोबरचा भाग वेगळा काढला तर हा आकडा खाली येईल, त्यासाठी सेक्रेटरींकडे रजिस्टर देतो." शेजारी आकड्यांचा एक कागद ठेवा. 'चूक', 'बेकायदा', 'वैयक्तिक' हे शब्द टाळा. माझ्या अनुभवात बहुतेक उद्योजक पहिल्यांदा भडकतात, मग कागद ओढून घेतात आणि विचारतात, "एवढाच कर?" त्यांना आजवर कुणी आकडाच सांगितलेला नसतो, सगळ्यांनी फक्त घाबरून गप्प बसायचं ठरवलेलं असतं.

बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल पाठवा: आज आपलं अमुक बोलणं झालं, त्याप्रमाणे नोंदी दुरुस्त करत आहे. उत्तर नाही आलं तरी चालेल. आणि त्यांनी साफ नकार दिला तर? तर कंपनीच्या सीएंना विषय सांगा, लेखी. बँकांकडून ५० कोटींवर कर्ज असेल तर कंपनी कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे तक्रारीची अधिकृत व्यवस्था कंपनीत असायलाच हवी, ती वापरता येते. एवढं करूनही 'आहे तसंच ठेवा' असं उत्तर मिळालं तर दुसरी नोकरी शोधायला लागा. तुमच्या वयाच्या अकाउंट्स मॅनेजरला पुण्यात काम मिळतं.

ऑडिटर यायला महिना आहे, तेवढा पुरतो. आधी चालू वर्षाचं 'बिझनेस प्रमोशन' खातं उघडून क्लब, प्रवास, डीलर अशी तीन पोटखाती करा आणि जुन्या नोंदी हलवा. मग जीएसटीचं चुकीचं क्रेडिट उलटवा, १९४आरचा भरणा करा, आणि एमडींच्या पर्क्विझिटवरचा टीडीएस वर्षाच्या उरलेल्या पगारांतून वळता करा. वर्ष संपलं नसेल तर हे सरळ होतं. ऑडिटरांना कंपनी कायद्याच्या कलम १४३(१) खाली एक प्रश्न विचारावाच लागतो, की वैयक्तिक खर्च कंपनीच्या खर्चात टाकलेत का. त्याचं उत्तर तोंडी देऊ नका, पोटखात्यांची यादी द्या. शेवटी ते व्यवस्थापनाकडून एक हमीपत्र मागतील. त्यात हाच मुद्दा एका वाक्यात असतो आणि घाईच्या दिवशी ते अकाउंट्सच्या टेबलावरच सहीला येतं. त्यावर सही एमडींचीच घ्या.